घाटात बाईक बंद पडली तर कोण येणार? रोडसाइड कव्हर निवडण्याआधी

प्रश्न: माझी 350 सीसीची बाईक चार वर्षांची झाली. राहतो चिंचवडला, गाव रत्नागिरीच्या खेड तालुक्यात. महिन्यातून एकदा तरी ताम्हिणीतून नाहीतर महाबळेश्वरवरून गावी जाणं होतं. मागच्या महिन्यात रात्री आंबेनळी घाटात गाडी बंद पडली आणि चार तास पावसात काढावे लागले. पुढच्या आठवड्यात इन्शुरन्स रिन्यू करायचा आहे. रोडसाइड असिस्टन्स इन्शुरन्ससोबत घ्यावा, बाईक कंपनीचा घ्यावा की ॲपवर मिळणारी वेगळी मेंबरशिप घ्यावी?

उत्तर: पोलादपूरला माझं गॅरेज आहे, 22 वर्षं झाली. सोबत एक छोटा हत्ती आहे, त्यावर बंद पडलेल्या बाईक आणतो. दोन-तीन असिस्टन्स कंपन्यांच्या केस माझ्याकडे येतात. म्हणजे तुम्ही हेल्पलाइनला फोन लावल्यावर शेवटी ज्याचा मोबाईल वाजतो, तो माणूस मी. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या टोकाकडून देतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. इन्शुरन्स कंपनीकडून घ्या, बाईक कंपनीकडून घ्या की ॲपवरून, यातली कुठलीच कंपनी आपला माणूस घाटात उभा करून ठेवत नाही. इन्शुरन्सवाले ते काम असिस्टन्स कंपनीला देतात, असिस्टन्स कंपनी आमच्यासारख्या स्थानिक माणसाला देते. बऱ्याचदा तिन्ही योजनांची केस एकाच गॅरेजवाल्याकडे येते. फरक पडतो तो कागदावर काय लिहिलंय याने: किती किलोमीटर, कुठून मोजायचे, गाडी कुठे उतरवायची आणि बाईक उचलणारं वाहन पाठवायचं की जे मिळेल ते. तुम्ही विचारताय ‘कोणाकडून घेऊ’. मी सांगेन, टोचनचं, म्हणजे बंद गाडी ओढून किंवा उचलून नेण्याचं, कलम आधी वाचा, मग कोणाकडून ते आपोआप ठरेल.

साध्या इन्शुरन्समध्ये हे नसतंच का, असं पुष्कळ जण विचारतात. नसतं. टू-व्हीलरच्या नेहमीच्या फुल इन्शुरन्समध्ये अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजला न्यायला 300 रुपयांपर्यंत मिळतात, तेही फक्त अपघात असेल तर. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल बिघाड पॉलिसीत स्पष्टपणे वगळलेला आहे. चेन तुटली, बॅटरी उतरली, इंजिन जाम झालं, तर त्या पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही. आणि आज 300 रुपयांत पोलादपूरहून घाटात पिकअप चढतसुद्धा नाही. नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स असेल तर रोडसाइडचं ॲड-ऑन (जादा पैसे भरून पॉलिसीला जोडायचं कव्हर) सहसा जोडता येत नाही, ते ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, भागाला लागतं. तुमची गाडी चार वर्षांची म्हणजे 2018 नंतरची, थर्ड पार्टी पाच वर्षांचा एकदमच भरलेला असणार. दरवर्षी रिन्यू होतो तो ओन डॅमेज. ॲड-ऑन घ्यायचं ते त्याच वेळी. वर्षाच्या मध्ये बहुतेक कंपन्या जोडून देत नाहीत, म्हणून पुढचा आठवडा तुमच्यासाठी महत्त्वाचा.

आता टोचनच्या कलमाकडे येतो.

बहुतेक योजनांचे कागद मुळात चारचाकीसाठी लिहिलेले असतात आणि त्यात कारच्या जागी टू-व्हीलर असा शब्द बसवलेला असतो. हे कळतं कसं? पंक्चरचं कलम वाचा. ‘गाडीतील स्टेपनी लावून देऊ’ असं लिहिलेलं सापडेल. बाईकला स्टेपनी कुठे असते? म्हणजे त्या कलमातून तुम्हाला मिळणार काय, हे विचारूनच घ्यावं लागतं. ट्यूबलेस असेल तर आमचा मुलगा जागेवर प्लग मारून हवा भरतो, पंधरा मिनिटांत काम. तुमच्या गाडीला स्पोकची चाकं असतील तर टायर ट्यूबचे असण्याचीच शक्यता जास्त. मग चाक काढायचं, टायर उतरवायचा, ट्यूब काढायची. पावसात, अंधारात, चढावर हे काम रस्त्याच्या कडेला करायचं नसतं. अशा वेळी गाडी उचलून पंक्चरवाल्याकडे नेणं हाच उपाय. मग प्रश्न असा की पंक्चरसाठी केलेलं टोचन कव्हरमध्ये धरतात का. काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी ‘पंक्चर हा बिघाड नाही’ म्हणून पैसे मागतात. विकत घेण्याआधी हा एकच प्रश्न विचारला तरी त्या कंपनीने बाईकचा विचार केलाय की नाही ते समजतं.

दुसरं, किलोमीटर. जाहिरातीत ‘50 किलोमीटरपर्यंत मोफत टोइंग’ असं ठळक लिहितात. हे 50 मोजतात कसे, ते बारीक अक्षरात असतं. आपल्या भागातलं उदाहरण घ्या. समजा आंबेनळीत माझ्या गॅरेजपासून 20 किलोमीटर वर तुमची गाडी बंद पडली आणि ती महाडला न्यायची आहे. महाड पोलादपूरपासून आणखी साधारण 20. बिघाडाच्या जागेपासून उतरवण्याच्या जागेपर्यंत मोजलं तर 40 किलोमीटर होतात, म्हणजे तुम्ही 50 च्या आत, खिशाला चाट नाही. पण काही करारांत आमची गाडी गॅरेजमधून निघाल्यापासून परत गॅरेजला येईपर्यंतचं अंतर धरतात. मग वर जायला 20, तिथून महाडला 40, महाडहून परत 20, असे 80 होतात. वरच्या 30 किलोमीटरचे पैसे रात्री साडेदहा वाजता भर पावसात तुमच्याकडे मागायचे ते मीच. भांडण माझ्याशी होतं, कागद तिसऱ्याने लिहिलेला असतो. डोंगराळ भागात ज्याचं येणं-जाणं आहे त्याने ‘जागेपासून उतरवण्यापर्यंत’ असंच मोजणारी योजना घ्यावी. त्यात 25 किलोमीटरची मर्यादा असेल तर ती आपल्याकडे पुरत नाही. पोलादपूरहून महाबळेश्वर 40 च्या आसपास, चिपळूण 70 च्या घरात. 50 ला कमीत कमी समजा, 100 मिळत असेल तर जास्त पैसे द्या.

तिसरं, गाडी उतरवायची कुठे. ‘जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर’ असं लिहिलं असेल तर तुमच्या बाईक कंपनीचं सेंटर या रस्त्यावर कुठे कुठे आहे ते आज, घरी बसून, नकाशावर बघून ठेवा. ‘मर्यादेच्या आत ग्राहक सांगेल तिथे’ असं असेल तर ते केव्हाही चांगलं. घाटात गाड्या बंद पडतात त्या बऱ्याचदा संध्याकाळी, आणि सेंटर सहाला बंद होतं. रात्री गाडी ठेवायची कुणाकडे आणि सकाळी तिथून सेंटरला नेली तर ती दुसरी सेवा धरणार का, हेही विचारा. वर्षाला तीन-चार सेवांची मर्यादा असते. एकाच बिघाडात दोन सेवा संपल्या, असं गिऱ्हाइकांच्या बाबतीत झालेलं मी पाहिलंय.

आणि चौथं, जे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं: बाईक उचलायला येणार काय? गेल्या पावसाळ्यात प्रतापगड फाट्याच्या अलीकडे एका जोडप्याच्या बाईकची चेन तुटली, गुंडाळली जाऊन पुढच्या गरारीत अडकली, मागचं चाक जाम. सातला त्यांनी हेल्पलाइनला फोन केला. त्या कंपनीने महाबळेश्वरच्या बाजूची क्रेन पाठवली, कारची पुढची चाकं उचलून ओढत नेते ती. ती साडेनऊला पोचली. ड्रायव्हर बिचारा प्रामाणिक, म्हणाला ‘याला बाईक लावली तर हँडल तुटेल, मी लावणार नाही’, आणि त्यानेच मला फोन केला. मी आणि दोन मुलं वर पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. आधी कटरने चेन तोडून चाक मोकळं केलं. फळी ओली होती, पाय घसरत होते, म्हणून तिच्यावर गोणपाट टाकलं. पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या पत्र्याला टेकवलं आणि हँडलच्या खाली जिथे दोन्ही शॉकअप जोडलेले असतात तिथून दोन पट्टे दोन बाजूंना ओढले, शॉकअप अर्धे दबेपर्यंत. मागून आणखी दोन. गाडी सरळ उभी, स्टँड वर. त्या मुलीने शेवटचा पट्टा लागेपर्यंत रेनकोटच्या आतून मोबाईलचा टॉर्च माझ्या हातांवर धरला होता. चार तास त्यांनी तिथे काढले, कारण फोन घेणाऱ्याने ‘वाहनाचा प्रकार’ बघितला नव्हता. तुमचे चार तासही असेच गेले असतील, असं मला वाटतं.

म्हणून फोनवर स्वतःहून सांगा: ‘बाईक आहे, फ्लॅटबेड (सपाट हौद्याची गाडी) किंवा पिकअप पाहिजे, फळी आणि पट्टे पाहिजेत.’ आणि माणूस आल्यावर बघा. पट्टे हँडलच्या टोकांना, आरशांना, इंडिकेटरला किंवा सायलेन्सरला बांधत असेल तर थांबवा. साईड स्टँडवर उभी करून बांधू देऊ नका, पहिल्याच वळणात स्टँड वाकतो. गाडी चढवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि मीटरचाही काढा. सामान आणि कागद स्वतःकडे ठेवा. यात आम्हाला वाईट वाटत नाही, उलट नंतरचे वाद वाचतात.

वेळेबद्दल. शहरात तासाभरात माणूस येतो. घाटात रात्री दोन तास लागले तर मी त्याला चांगली सेवा म्हणेन. जो विकणारा ‘कुठेही 30 मिनिटांत’ म्हणतो त्याने हा घाट पाहिलेला नाही. कारण साधं आहे: केसमागे ठरलेला दर मिळतो, आणि तो कमी असला की लांबची केस कुणी पटकन घेत नाही. हेल्पलाइन एकापाठोपाठ एक फोन लावत बसते आणि तुम्ही तिकडे भिजत असता. म्हणून घेण्याआधी एक परीक्षा करा. हेल्पलाइनला दिवसा फोन लावा आणि सरळ विचारा, ‘रात्री नऊला मी प्रतापगड फाट्यावर आहे असं समजा, कुठल्या गावातून माणूस येईल?’ जो महाड, पोलादपूर, महाबळेश्वर अशी नावं घेतो त्याच्याकडे माणसं आहेत. जो ‘सर, पॅन इंडिया कव्हरेज आहे’ एवढंच म्हणत राहतो, त्याच्याकडे पोलादपुरात कुणी नाही असं समजा. हाच प्रश्न ताम्हिणीबद्दलही विचारा. तुमच्या रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजवाल्याशी चहा घेता घेता बोललात तर कुठल्या कंपनीची केस तो घेतो आणि कुठली टाळतो, हेही तो सांगेल.

ताम्हिणीत आणि भोर-महाड रस्त्यावरच्या वरंधा घाटात आणखी एक अडचण, नेटवर्क. लोकेशन पाठवायची लिंक तिथे उघडत नाही. हेल्पलाइनचा नंबर आणि पॉलिसीचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. बंद पडल्यावर किलोमीटरचा दगड, जवळची टपरी, मागे गेलेलं गाव सांगा. कशेडीला असाल तर बोगद्याच्या रस्त्याला आहात की जुन्या घाटात, हे आवर्जून सांगा. दोन्हींना लोक ‘कशेडी’च म्हणतात आणि आम्ही चुकीच्या रस्त्याला गेलो की एक तास जातो. बोगदा झाल्यापासून जुन्या घाटात वाहनं कमी झाली आहेत, तिथे मदत मागायलाही कुणी थांबत नाही. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हाही नंबर आहे, चोवीस तास चालतो, त्याला कव्हर लागत नाही. पण त्यांचं काम रस्ता मोकळा करणं. ते गाडी सुरक्षित जागी आणून ठेवतील, खेडपर्यंत पोचवणार नाहीत.

आता एक वेगळी गोष्ट सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या ‘बंद पडली’ फोनांपैकी पुष्कळसे मी जागेवरून न हलता सोडवतो. पावसात साईड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल जातो. मग स्टँड वर असला तरी गाडीला तो खालीच वाटतो आणि गिअर टाकला की इंजिन बंद. पाण्याने धुवायचं, स्टँड दहा वेळा वर-खाली करायचा, गाडी चालू. फ्युएल इंजेक्शनची (कार्बुरेटर नसलेली) गाडी घसरून आडवी पडली की सेन्सर इंजिन बंद करतो. उभी करून चावी बंद करायची, जरा थांबून परत चालू करायची. हँडलवरच्या, इंजिन बंद करणाऱ्या लाल किल स्विचला पडताना हात लागलेला असतो, तो बघायचा. ज्या योजनेत फोनवर खरा मेकॅनिक बोलायला देतात तिला मी जास्त मार्क देईन, आणि बाईक कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांत ही सोय सहसा बरी असते. तुमच्या गाडीला किक नसेल तर बॅटरीकडे लक्ष ठेवा. 2020 च्या बीएस-6 प्रदूषण नियमांनंतर जवळजवळ सगळ्या बाईक इंजेक्शनच्या आहेत, पेट्रोलचा पंपही बॅटरीवर चालतो. बॅटरी पूर्ण उतरली की उतारावर ढकलून स्टार्ट करायचा जुना उपाय चालेलच असं नाही. कव्हरमध्ये जंप-स्टार्ट बहुतेक असतं, नवी बॅटरी मात्र तुमच्या पैशाने.

पेट्रोल संपलं तर काही लिटर आणून देतात, पेट्रोलचे पैसे तुमचे. चावी हरवली तर घरून दुसरी चावी आणण्याची सोय असते, पण चिंचवड ते आंबेनळी कोण चावी आणणार? हॉटेल आणि टॅक्सीचे फायदेही छापलेले असतात. त्यांना घरापासून अमुक किलोमीटर, दुरुस्तीला अमुक तास अशा अटी असतात. ते बघून योजना निवडू नका.

कुणी विचारत नाही पण विचारायला हवं असं थोडं. तुम्ही सुट्टीच्या दिवशी डिलिव्हरीचं काम किंवा बाईक टॅक्सी करत असाल तर खासगी वापराचं कव्हर नाकारलं जाऊ शकतं, आधी लेखी विचारून घ्या. सेकंडहँड बाईक घेतली असेल तर ओन डॅमेजची पॉलिसी 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करावा लागतो. ती झाली नाही तर ॲड-ऑनही तुमचं नाही. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची बाईक घेतलीत तर तुमचं घरचं कव्हर तिला लागत नाही, कारण कव्हर बहुधा गाडीला असतं, माणसाला नाही. इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनी ‘चार्ज संपला’ हा बिघाड धरतात का, ते बघावं, आणि मागच्या चाकात मोटर असेल तर ते चाक जमिनीवर फिरवत कधीच टोचन करू देऊ नये.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मी हे करीन. बाईक कंपनीची नव्या गाडीसोबतची मोफत मुदत तुमची संपली असणार, ती वार्षिक पैसे भरून पुढे चालू करता येते का विचारा. चार वर्षांच्या गाडीला देत असतील, 50 किलोमीटर जागेपासून मोजत असतील आणि त्यांचं सेंटर तुमच्या रस्त्यावर असेल, तर तेच घ्या. बाईक उचलणारं वाहन पाठवण्याची त्यांची सवय बरी असते. यातलं एखादं जमत नसेल तर इन्शुरन्सचं ॲड-ऑन. ते स्वस्त पडतं, बहुधा एका टाकीच्या पेट्रोलपेक्षाही कमी, आणि ते वापरल्याने नो क्लेम बोनसला (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीला) सहसा धक्का लागत नाही. पॉलिसीवर ॲड-ऑनच्या नावापुढे यूआयएन नंबर, म्हणजे त्या ॲड-ऑनचा ओळख क्रमांक, असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर शोधलात की पूर्ण कलमं वाचता येतात, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. दोन्ही घेण्यात अर्थ नाही, बऱ्याचदा येणारा माणूस एकच असतो.

वेगळी मेंबरशिप तुम्हाला नको. घरात दोन-तीन गाड्या असतील आणि योजना माणसाच्या नावावर असेल, तर ती वेगळी गोष्ट. शिवाय त्यात घेतल्यापासून काही तास किंवा काही दिवस सेवा मिळत नाही अशी अट असते. रस्त्यात उभं राहून ॲपवर घेतली तर त्याच दिवशी उपयोग नाही. तक्रारीचाही फरक पडतो. इन्शुरन्सच्या ॲड-ऑनमध्ये माणूस आलाच नाही, तर कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाचं (आयआरडीएआय) विमा भरोसा पोर्टल किंवा त्यांचा 155255 हा नंबर, आणि तरीही दाद नाही मिळाली तर विमा लोकपाल, असा रस्ता आहे. लोकपालाचं कार्यालय पुण्यातही आहे. मेंबरशिप हा इन्शुरन्स नव्हे, तिथे ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि ग्राहक आयोग. तक्रारीसाठी फोन केल्याची वेळ, केस नंबर आणि तुम्ही स्वतः खर्च केला असेल तर त्याची पावती लागते. मी पावती देतो. जो देत नाही त्याच्याकडे मागून घ्या.

उरलेल्या पैशांत सीटखाली किंवा बॅगेत एक ट्यूब, क्लच वायर, चेनचं एक जोड लिंक, दोन फ्यूज, प्लगचा पाना आणि डोक्याला लावायची बॅटरी ठेवा. क्लच वायर जुन्या वायरच्या शेजारी आत्ताच टाकून दोन्ही टोकं बांधून ठेवा, तुटली की दहा मिनिटांत बदलता येते. पुढच्या खेपेला महाबळेश्वरवरून उतरणार असाल तर अंधार पडायच्या आत घाट उतरा, आणि वरंध्याने जायचं ठरवलंत तर जून ते सप्टेंबर तो चालू आहे की दरडीमुळे बंद, हे भोरमध्येच विचारून घ्या.